पोचा, पत्रा आणि प्लास्टिक : मुंबईतील मोटारदुरुस्तीच्या एका अंगाचा इतिहास

'पोचा' हा शब्द मराठीत मोटारीच्या आधीपासून नांदत होता. पितळी तांब्या हातातून निसटून फरशीवर आपटला की त्याचा पत्रा आत दबून जी खळी पडते तिला पोचा म्हणत, आणि तो काढून घेण्यासाठी भांडे तांबटाकडे दिले जाई. मोटार आली तेव्हा तिच्या पत्र्यालाही हाच शब्द लागू झाला. तो काढणाऱ्या कारागिराला मात्र 'डेंटर' असे नाव मिळाले, जे दिसायला इंग्रजी असले तरी इंग्लंडात त्या अर्थाने चालत नाही, कारण तिकडे त्याच कारागिराला 'पॅनेल बीटर' म्हणतात. मोटारीला होणाऱ्या इजांमध्ये सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित इजा म्हणजे मागून बसलेली हलकी धडक. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागची गाडी टेकते, बंपर दबतो, डिकीचे झाकण नीट बसेनासे होते, आणि गाडी चालत राहते. ही इजा कोणी, कोठे आणि कशाने दुरुस्त करायची या प्रश्नाची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली, आणि ती बदलण्याचे मुख्य कारण मालकाची ऐपत किंवा कारागिराचे कौशल्य हे नसून गाडीचा मागचा भाग ज्या पदार्थाचा बनतो तो पदार्थ हे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत धावणाऱ्या मोटारींचे सांगाडे घोडागाडीच्या परंपरेतले, म्हणजे लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेले असत, त्यामुळे मागून धक्का बसला तर आधी सुतार लागे आणि लोहार नंतर. चौकटीची तुटलेली पट्टी बदलल्याशिवाय वरचा पत्रा सरळ करून उपयोग नसे. ट्रकच्या बांधणीत ही पद्धत पुढे कित्येक दशके टिकली. प्रवासी मोटारीत ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मागे पडली, कारण अमेरिकी कारखान्यांनी दाबयंत्रावर घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे सर्रास वापरायला सुरुवात केली होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला आपला जोडणी कारखाना उघडला, पाठोपाठ फोर्डची जोडणीही मुंबईत सुरू झाली, आणि सुट्या भागांच्या रूपाने आलेली गाडी येथे जोडून विकण्याचा व्यवहार रुळला. या जोडणीबरोबरच पत्र्याच्या कामाची ओळख असलेला कामगारवर्गही शहरात तयार होत गेला. प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी केवळ जोडणी चालू ठेवू नये, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केल्यावर या दोन्ही कंपन्यांनी येथील काम आवरले.

पोलादी पत्र्यातला पोचा काढणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. पत्रा दबतो तेव्हा तो नुसता वाकत नाही, तर काही ठिकाणी ताणला जातो आणि खळीच्या कडेला उंचवट्याची एक वळी उठते. अडाणी हात खळीच्या मध्यावर आतून घण घालतो. त्याने पत्रा आणखी ताणला जाऊन डब्याच्या झाकणासारखा टकटक करू लागतो. जाणता डेंटर कडेच्या वळीपासून सुरुवात करतो, म्हणजे धडकेत जे सर्वांत शेवटी वाकले ते सर्वांत आधी सोडवतो आणि हळूहळू मध्याकडे येतो. त्यासाठी एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात, पत्र्याच्या मागच्या बाजूला, 'डॉली' लागते. डॉली म्हणजे मुठीत मावणारी, वेगवेगळ्या वळणांची घडीव लोखंडी ऐरण. हातोडा थेट डॉलीवर पडला तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो आणि डॉलीच्या बाजूला पडला तर उंचवटा खाली बसून खळी वर येते. हा सगळा खेळ आवाजावर आणि तळव्याच्या स्पर्शावर चालतो. पत्रा फारच ताणला गेला असेल तर गॅसच्या ज्योतीने एक ठिपका लाल करून त्यावर ओले फडके दाबतात, म्हणजे तो आकसतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर जे 'मठारकाम' होते, त्याच्याशी या कामाचे नाते उघड आहे. मठारणे म्हणजे पॉलिश केलेल्या हातोड्याचे नेमके, सारखे ठोके देत भांड्याचा पृष्ठभाग कठीण आणि झळाळता करणे. तत्त्व दोन्हीकडे एकच, ठोक्याने धातू सरकतो आणि घट्ट होतो. पण तांबटाच्या ठोक्याची खूण हा भांड्याचा दागिना असतो, तर डेंटरच्या ठोक्याची एकही खूण दिसली तर काम फसले असे समजतात. स्वतःचा हात पूर्णपणे पुसून टाकणे हीच ज्याची परीक्षा, असे कारागिरीचे प्रकार थोडेच आहेत, आणि या धंद्याला प्रतिष्ठा न मिळण्याचे एक कारण कदाचित त्यातच असावे.

कितीही सफाईने ठोकले तरी पत्र्यावर बारीक चढउतार राहतातच आणि ते भरून काढावे लागतात. १९५०च्या दशकापर्यंत जगभर हे काम शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूने होत असे. ज्यांनी कल्हईवाल्याला नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर कथील फिरवताना पाहिले आहे, त्यांना ही कृती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही : पत्रा घासून उघडा करायचा, त्याला आधी कथिलाचा पातळ हात द्यायचा, मग मिश्रधातूची कांडी ज्योतीने मऊ करून चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने लोण्यासारखी पसरायची आणि थंड झाल्यावर कानशीने आकार द्यायचा. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसच्या वर एकदम न वितळता काही काळ लुसलुशीत राहतो, म्हणूनच उभ्या पत्र्यावर तो पसरता येतो. काम टिकाऊ होई, पण शिशाची धूळ विषारी, कथील महाग आणि कृती शिकायला वर्षे लागत. अमेरिकेत मायामी येथे मोटारदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या रॉबर्ट स्पिंक याने १९५५ साली शंखजिऱ्याची भुकटी आणि पॉलिएस्टर राळ यांचे मिश्रण तयार केले, जे 'बाँडो' या नावाने विकले जाऊ लागले. त्यात 'हार्डनर' म्हणजे घट्ट करणारे द्रव्य मिसळले की काही मिनिटांत ते दगडासारखे होते, आणि त्याला ना ज्योत लागते ना अनुभव. भारतात अशा लगद्याला पुट्टी म्हणू लागले. घर रंगवणाऱ्यांचा 'लांबी भरणे' हा प्रयोगही डेंटिंगच्या कामात ऐकू येतो.

घरगुती दुरुस्तीचा खरा आरंभ या पुट्टीपासून मानला पाहिजे, कारण ज्याला हातोडा धरता येत नाही त्यालाही आता खळी बुजवता येऊ लागली. त्याबरोबर लबाडीचाही आरंभ झाला. पत्रा न उचलता अर्धा इंच पुट्टी थापून वर रंग मारलेला पोचा नवा दिसतो. पण अशी पुट्टी ओलावा शोषते, आणि खालचा पत्रा नीट घासून त्यावर प्रायमर मारलेला नसेल तर कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात खालून गंज धरून रंगाला फोड येतात. जुनी गाडी पाहायला जाताना लोहचुंबक खिशात टाकण्याची जी पद्धत पडली ती यामुळेच, कारण पुट्टीच्या जाड थरावर चुंबक धरत नाही.

रंगाची कथा याच्याशी समांतर चालते. पूर्वीचे तेलरंग आणि व्हार्निशचे हात वाळायला आठवडे लागत. ड्यू पाँट कंपनीने १९२३ साली 'ड्युको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला तेव्हा हे काम तासांवर आले. ते नाव इतके रुळले की मोटारींचे रंग बदलून गेले तरी मुंबई-पुण्याचे सुतार आजही फर्निचरच्या गुळगुळीत रंगकामाला 'ड्युको' म्हणतात. रंग फवारण्याच्या बंदुकीचा उगम तर दवाखान्यात आहे : अमेरिकेतील टोलेडो येथील डॉक्टर डीव्हिलबिस यांनी रुग्णांच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारा बनवला होता आणि त्यांच्या मुलाने त्याचे रूपांतर रंगाच्या बंदुकीत केले. दोन रंगांची सीमा सरळ राखण्यासाठी लागणारी मास्किंग टेपही मोटार रंगवणाऱ्यांच्या अडचणीतूनच जन्मली. थ्री एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू याने ती १९२५ साली तयार केली. मुंबईच्या गल्लीत या टेपच्या जोडीला जुने वर्तमानपत्र आले. काचा, चाके आणि दिवे कालच्या बातम्यांनी झाकलेली, रस्त्याच्या कडेला कंप्रेसरच्या आवाजात रंग खात उभी असलेली गाडी हे शहरातले नेहमीचे दृश्य ठरले. या दृश्याच्या कौतुकात कारागिराच्या फुप्फुसांचा विसर पडू नये : पुढे आलेल्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेट ही द्रव्ये दम्याला कारणीभूत ठरतात आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही.

मुंबईत या धंद्याला खरे बळ दिले ते कुर्ल्याच्या कारखान्याने. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७पासून कुर्ल्यात गाड्या बनवायला सुरुवात केली आणि १९५०च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी येथे आली, जिच्या गोलमटोल आकारामुळे तिला 'डुक्कर फियाट' हे टोपणनाव पडले. १९६४च्या सुमारास तिचे चौकोनी वळणाचे रूप आले आणि तेच १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखले जाऊ लागले. या गाडीला वेगळा तळसांगाडा नव्हता. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जो डबा तयार होतो तोच गाडीचा भार पेलत असे. म्हणून मागची धडक जरा जोरात बसली की तिचा परिणाम डिकीच्या तळापर्यंत जाई, आणि डेंटर आधी पोचा न पाहता डिकीचे झाकण आणि बाजूचा पत्रा यांमधली फट पाही. फट दोन्हीकडे सारखी असेल तर काम वरवरचे. एका बाजूला बोट जाते आणि दुसऱ्या बाजूला कागदही जात नाही अशी अवस्था असेल तर आतला तळ सरकला आहे, हे त्याला मोजपट्टीशिवाय कळे.

त्या काळात परवाना पद्धतीमुळे नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि आयातीवर निर्बंध असत, त्यामुळे भाग बदलण्यापेक्षा तो सरळ करणे हाच स्वाभाविक मार्ग होता. पद्मिनीचा मागचा बंपर म्हणजे जाड पोलादी पट्टी, तिच्यावर निकेल आणि क्रोमचा मुलामा, आणि ती बोल्टांनी कंसांना, म्हणजे ब्रॅकेटना, जोडलेली. ती पाना घेऊन घरच्या घरी उतरवता येई, वाकलेला कंस शेगडीवर तापवून किंवा नुसता दगडावर ठोकून सरळ करता येई, आणि मुलामा उडाला असेल तर पट्टी निकेलवाल्याकडे टाकता येई. मालकाचा घरगुती वाटा बहुधा येथेच संपे. पत्रा मात्र डेंटरचाच. तोही पुष्कळदा घरीच येई, म्हणजे चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात, हातोडे आणि डॉल्या पोत्यात बांधून. आपल्याकडे 'घरी केलेली दुरुस्ती' या शब्दांचा अर्थ मालकाने स्वतः केलेली असा क्वचितच होतो. पाश्चात्त्य देशांत मालकाला स्वतःच्या गॅरेजमध्ये जे करावे लागे, कारण तेथे मजुरी महाग, ते येथे कारागिराला दारात बोलावून, शेजारी उभे राहून, चहा पाजून आणि भाव पाडून करून घेतले जाई. टॅक्सीवाल्यांचे गणित आणखी वेगळे होते. वर्षभर खाल्लेले लहानसहान धक्के ते अंगावर वागवत आणि परिवहन कार्यालयातील 'पासिंग', म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र घेण्याची तारीख जवळ आली की सगळे पोचे एकदमच काढून काळा-पिवळा रंग नवा करून घेत.

सुट्या भागांसाठी चोरबाजार होताच, शिवाय कुर्ला ते कलिना हा सी.एस.टी. रोड भंगारातल्या गाड्यांच्या भागांसाठी प्रसिद्ध झाला. या रस्त्याच्या नावाचा संबंध अनेक जण छत्रपती शिवाजी टर्मिनसशी लावतात, परंतु ती अक्षरे अंधेरी-ट्रॉम्बे मार्गावर १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षे चाललेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेची आहेत. बंद पडलेल्या वाहनमार्गाच्या नावाचा रस्ता बंद पडलेल्या वाहनांचा बाजार व्हावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पोलादी बंपरचे राज्य संपवण्याची सुरुवात दूरवर झाली होती. फ्रान्सच्या रेनो ५ या गाडीला १९७२ साली पट्टीऐवजी काचतंतू आणि पॉलिएस्टरचा, गाडीच्या अंगाशी एकजीव दिसणारा बंपर बसवण्यात आला. अमेरिकेने १९७३पासून लागू केलेल्या नियमांनुसार ताशी पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या धडकेत बंपरने दिवे आणि इतर यंत्रणा वाचवणे आवश्यक ठरले. ती मर्यादा १९८२ साली विमा कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता निम्म्यावर आणली गेली. भारतात डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या पिढीत प्लास्टिकचे बंपर हीच रीत झाली. आजचा बंपर म्हणजे खरे तर तीन वस्तू आहेत : बाहेरून दिसतो तो पॉलिप्रॉपिलिन आणि रबरासारखे द्रव्य यांचा पातळ मुखवटा, त्याच्या मागे धक्का शोषणारा हलका फोम, आणि त्याच्याही मागे पोलादी दांडा.

पॉलिप्रॉपिलिन हे उष्णतेने पुन्हा मऊ होणारे प्लास्टिक आहे. ते सुमारे १६० अंशांना वितळते, पण उकळत्या पाण्याने इतके लवचिक होते की आतून हात घालून दाबल्यावर खळी स्वतःच बाहेर उडी मारते, कारण साच्यातून निघताना मिळालेला मूळ आकार त्याने सोडलेला नसतो. केटलीभर पाण्याची ही युक्ती म्हणजे मोटारीच्या इतिहासात प्रथमच सर्वस्वी मालकाच्या हाती आलेली दुरुस्ती होय. तिला ना डॉली लागते, ना ज्योत, ना पुट्टी. मात्र तिची मर्यादा लगेच समोर येते. प्लास्टिकला घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर ती जात नाही. चीर गेली असेल तर तापवलेल्या तारेच्या पिना आतून रुतवून ती शिवावी लागते. आणि रंग उडाला असेल तर खास प्रायमर मारल्याशिवाय पॉलिप्रॉपिलिनवर नवा रंग धरत नाही, तो सालपटासारखा निघून येतो. धातूसारख्या चमकीचे रंग तर एकाच क्रमांकाच्या डब्यातून फवारले तरी हाताच्या वेगानुसार उजळ किंवा गडद दिसतात, म्हणून जुने कारागीरही रंगाचा नवा हात पोच्यापुरता न मारता पूर्ण बंपरला मारणे पसंत करतात.

या सोयीची किंमत मात्र कमी लेखली जाते. पोलादी बंपर वाकला की वाकलेला राही. धक्का किती होता याची साक्ष तो स्वतः देई. प्लास्टिकचा मुखवटा आत जाऊन पुन्हा बाहेर येतो आणि काहीच न घडल्यासारखा दिसतो, तर मागे फोम चुरडलेला आणि दांड्याचे कंस दुमडलेले असू शकतात. पुढच्या धडकेत झेलायला तेथे काही उरलेले नसते. गरम पाण्याने खळी काढून समाधान मानणारा मालक आणि अर्धा इंच पुट्टी थापणारा कारागीर यांच्यात, परिणामाच्या दृष्टीने, फार अंतर नाही. त्यात १ जुलै २०१९पासून भारतात नव्या मोटारींना मागचे अंतर ओळखणारे सेन्सर बंधनकारक झाले आणि बंपर हा विद्युत यंत्रणेचाही भाग बनला; सेन्सरच्या तोंडावर रंगाचे जाड थर चढले तर तो चुकीचे इशारे देतो. प्लास्टिकवरचा अविश्वास लोकांच्या मनात मुरलेला आहेच, नाहीतर त्यावर बाहेरून पुन्हा पोलादी गार्ड बसवण्याची हौस इतकी पसरली नसती. धक्का शोषला न जाता थेट सांगाड्यात उतरवणाऱ्या या गार्डांवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना दिले.

घरगुती दुरुस्ती आजही टिकून आहे याचे श्रेय बऱ्याच अंशी विम्याच्या अटींना द्यावे लागते. मोटार विम्यात प्लास्टिक, नायलॉन आणि रबर यांच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा केली जाते, ठरावीक रक्कम मालकाला स्वतः भरावी लागते, आणि दावा केल्यास २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी 'नो क्लेम बोनस' ही सवलत बुडते. 'झिरो डेप' म्हणून ओळखले जाणारे जादा संरक्षण घेतले तर घसारा टळतो, पण बोनस बुडणे टळत नाही. त्यामुळे हलक्या धडकेनंतर कागदपत्रांच्या वाटेला न जाता मागच्या चालकाकडून रस्त्यातच काही रक्कम घेऊन प्रकरण मिटवणे आणि आवारात काम उरकणे हे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांत पोचा काढण्याऐवजी भागच बदलण्याकडे कल असतो; हातोडा आणि डॉली तेथे दिसत नाहीत असे नाही, पण नव्या गाड्यांचे उच्च ताकदीचे पातळ पोलाद ज्योतीने तापवले तर आपले बळ गमावते, म्हणून जुन्या डेंटरच्या विद्येतला मोलाचा भाग तेथे निषिद्धच आहे.

ज्या गाडीवर ही विद्या पोसली गेली त्या पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले आणि कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी राहिली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली.